तळ्यालाही आरोग्यपत्रिका हवी

मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. शेतकऱ्याला मिळणारी वीजदरातील सवलत, कर्जाच्या अटी आणि विम्याचे संरक्षण मासे वाढविणाऱ्यालाही मिळावे, हा त्यामागील हेतू. तो स्वागतार्ह आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. कोकणच्या किनाऱ्यावर या निर्णयाची चर्चा झाली ती स्वाभाविकच होती. परंतु त्याचे महत्त्व मराठवाड्यालाही तितकेच आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, बालाघाटच्या पठारावर वसलेल्या चाकूर तालुक्यासारख्या भागात गावतळी, पाझर तलाव आणि आता शेततळी यांत मत्स्यबीज सोडले जाते. सोयाबीन आणि तुरीच्या बेभरवशाच्या उत्पन्नाला जोड म्हणून लोक या व्यवसायाकडे पाहू लागले आहेत.

दर्जा कृषीचा दिला, की कृषीचे नियमही लागू व्हावयास हवेत. शेतीचा पहिला नियम असा, की पेरण्यापूर्वी माती ओळखावी. हे तत्त्व शासनाला मान्य आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने मृद आरोग्यपत्रिकेची योजना सुरू केली. या पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश यांच्या जोडीला मातीची विद्युतवाहकता, म्हणजे पर्यायाने तिच्यातील विद्राव्य क्षारांचे प्रमाणही नोंदविले जाते. मासे वाढविणाऱ्याची जमीन म्हणजे त्याचे पाणी. त्या पाण्यात क्षार किती आहेत, हे मोजण्याची व्यवस्था मात्र त्याच्या दारापर्यंत कोणी नेलेली नाही. ‘गोडे पाणी’ असे म्हटले की सारी चौकशी संपते. गोडेपणा हा जणू पाण्याचा कायमचा गुण आहे आणि तो ऋतूगणिक बदलत नाही, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक झाले आहे.

मासा आणि मीठ

गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात आणि शरीरद्रवात लिटरमागे सुमारे नऊ-दहा ग्रॅम मिठाइतका क्षारभार असतो. भोवतालच्या पाण्यात तो एक ग्रॅमही नसतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात परासरणाचा जो धडा आहे, तो येथे अक्षरशः लागू पडतो. बाहेरचे पाणी कल्ल्यांतून सतत शरीरात शिरत राहते आणि आतील क्षार बाहेर झिरपत राहतात. रोहू किंवा कटला यांना जिवंत राहण्यासाठी शिरलेले पाणी पातळ मूत्राच्या रूपाने अखंड बाहेर टाकावे लागते आणि गमावलेले क्षार कल्ल्यांतील खास पेशींच्या साहाय्याने पुन्हा ओढून घ्यावे लागतात. समुद्रातील माशाची अडचण याच्या नेमकी उलट असते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे माशाच्या शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते. मासा समुद्राचे पाणी पितो आणि त्यातील जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो.

हे सारे फुकट होत नाही. त्याला शक्ती लागते आणि ती शक्ती माशाने खाल्लेल्या अन्नातूनच येते. हा खर्च किती, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. जिल बफ आणि पात्रिक पायां या फ्रेंच संशोधकांनी २००१ साली या विषयावरील संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात काही अभ्यासांनी हा खर्च माशाच्या एकूण शक्तीच्या वीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत धरल्याचे, तर नंतरच्या काही अभ्यासांनी तो दहा टक्क्यांच्या आसपास आणल्याचे दिसते. आकडा कोणताही धरला तरी तत्त्व एकच राहते. जी शक्ती क्षारांचा समतोल राखण्यात जाते, ती अंगाला लागत नाही. म्हणूनच थोडासा क्षार अनेक जातींना मानवतो. शरीराच्या आतले आणि बाहेरचे पाणी एकमेकांच्या जवळ आले, की हा झगडा हलका होतो. मत्स्यबीजाची ने-आण करताना पाण्यात मीठ घालण्याची जी पद्धत आहे, तिच्यामागे हेच शास्त्र आहे. तेव्हा क्षार हा माशाचा शत्रूच आहे, असे मानण्याचे कारण नाही.

परंतु प्रत्येक जातीची एक मर्यादा असते. रोहू, कटला आणि मृगळ या आपल्या प्रमुख जाती लिटरमागे चार-पाच ग्रॅम क्षारांपर्यंत साधारणपणे तग धरतात आणि त्यांची वाढही फारशी खुंटत नाही. सहा ते आठ ग्रॅमच्या पट्ट्यात वाढ स्पष्टपणे मंदावते आणि दहाच्या आसपास जगणेच कठीण होते. तिलापिया याहून पुष्कळ जास्त क्षार सोसतो. वयाप्रमाणेही गरज बदलते. गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ती वाढते गोड्या पाण्यात, पण तिची पिले निमखाऱ्या पाण्यावाचून जगत नाहीत. १९६० च्या सुमारास मलेशियात शाओ-वेन लिंग या संशोधकाने हे रहस्य उलगडले, तेव्हा कुठे या कोळंबीची शेती शक्य झाली.

वाचकांना नवल वाटावे अशी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. माणसाच्या पिण्याच्या पाण्यात एकूण विद्राव्य घटक लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर दोन ग्रॅमपर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे जे पाणी आपण मचूळ म्हणून थुंकून टाकू, त्यात रोहू सुखाने वाढू शकतो. याचा अर्थ इतकाच, की माणसाची जीभ हे माशाच्या पाण्याचे माप होऊ शकत नाही. चव घेऊन ‘पाणी चांगले आहे’ असे म्हणणे आणि चव घेऊन ‘पाणी वाईट आहे’ असे म्हणणे, दोन्ही सारखेच निराधार आहे.

बावीस क्विंटलांचा हिशेब

चाकूरमध्ये हा प्रश्न कोठून आला, असे कोणी विचारील. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत जसा खारपाण पट्टा आहे, तसा येथे नाही. येथे काळा पाषाण आहे, त्यावर काळी माती आहे आणि सरासरीने सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळ्यात वाहून आलेल्या पाण्याने भरलेल्या तलावात क्षारांची अडचण सहसा येत नाही. हे सर्व खरे आहे. अडचण सुरू होते ती पाणी कोठून आणले आणि ते कोठे जाते, या दोन गोष्टींपासून.

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली. तिच्यातील मोठ्या आकाराचे शेततळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. काठ एकास एक उताराचे धरले तर त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. कल्पना अशी, की ते पावसाच्या पाण्याने भरावे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तळाला प्लास्टिकचे अस्तर अंथरून ते बोअरच्या पाण्याने भरले जाते आणि यावर भूजलाच्या जाणकारांनी वारंवार टीका केली आहे. ती टीका भूजलाच्या उपशाबद्दल होती. माशांच्या दृष्टीने तिला आणखी एक बाजू आहे.

बोअरच्या पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम क्षार आहेत असे समजू. खोल बोअरच्या बाबतीत हे काही अतिशयोक्त गृहीतक नव्हे. मग त्या एका शेततळ्यात पाण्याबरोबर सुमारे बावीस क्विंटल क्षार आलेले असतात. अस्तरामुळे पाणी जमिनीत मुरत नाही. त्याला बाहेर पडण्याची मुख्य वाट उरते ती बाष्पीभवनाची. मराठवाड्याच्या उन्हात वर्षाला दीड-दोन मीटर पाण्याची वाफ होते. वाफ होते ती पाण्याची. क्षारांची वाफ होत नाही. एप्रिल-मेमध्ये तळ्यात एक मीटर पाणी उरले, की काठांच्या उतारामुळे ते ६२५ घनमीटर इतकेच भरते. तेवढ्या पाण्यात तेच बावीस क्विंटल क्षार असले, तर प्रमाण लिटरमागे साडेतीन ग्रॅमवर जाते. अर्धा मीटर पाणी उरले तर ते सात ग्रॅमच्या वर चढते. काही चुना तळाशी बसतो, वळवाचा एखादा पाऊस येतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून थोडा कमी येईल. उलट मूळ पाण्यातच दीड ग्रॅम क्षार असतील किंवा पातळी राखण्यासाठी मधूनमधून बोअरचे पाणी सोडले जात असेल, तर तो वाढेल.

म्हणजे दिवाळीत जे पाणी रोहूला मानवत होते, तेच पाणी पाडव्यानंतर त्याच्या मर्यादेशी येऊन ठेपते. हे घडते तेही नेमके अशा वेळी, जेव्हा पाणी तापलेले असते, मासे दाटीने असतात, प्राणवायू कमी असतो आणि आम्लविम्ल निर्देशांक वाढल्यामुळे अमोनिया अधिक विषारी होतो. यातील एकेक त्रास मासा कदाचित सोसेल. सगळे एकदम आले की तो खाणे कमी करतो आणि त्याची वाढ थांबते. मासे मेले असते तर गाव जमा झाले असते, पंचनामा झाला असता, अर्ज गेला असता. येथे मासा मरत नाही. वर्षभरात एक किलोचा होईल म्हणून सोडलेला मासा अर्ध्या किलोवर अडतो आणि शेतकरी बोटुकलीला दोष देतो, खाद्याला दोष देतो किंवा नशिबाला दोष देतो. पाण्याला दोष द्यायला त्याच्या हाती आकडा नसतो. तो बोटुकली पुरविणाऱ्याशी भांडतो, पुढच्या वर्षी महाग खाद्य आणतो आणि तिसऱ्या वर्षी तळे रिकामे ठेवतो. या नुकसानीची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही.

वाट नसलेल्या पाण्याचे काय होते, हे निसर्गाने आपल्याच काळ्या पाषाणात दाखवून ठेवले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवरात पाणी येते, पण तेथून बाहेर जाणारा ओढा नाही. हजारो वर्षे वाफ उडत राहिली, क्षार साचत राहिले आणि ते सरोवर खारे बनले. जून २०२० मध्ये पाणी आटून क्षार वाढले, तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झाल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. शेततळ्याचे लोणार होईल असे कोणी म्हणणार नाही. पण दोन्ही ठिकाणी काम करणारा नियम एकच आहे. फरक काळाचा आणि प्रमाणाचा आहे.

संधी कोठे आणि धोका कोठे

याची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. क्षारपाणी ही आपत्ती नसून संधी आहे, असे सांगणारे लोक आहेत आणि त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचे एक केंद्र हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे आहे. तेथे खाऱ्या भूजलावर कोळंबी वाढविण्याचे तंत्र विकसित झाले. पिकांच्या दृष्टीने निकामी झालेल्या हरियाणा-पंजाबमधील जमिनींवर त्यामुळे उत्पन्न उभे राहिले. तेथील अनुभवाने एक महत्त्वाचा धडाही दिला. जमिनीतील खारे पाणी आणि समुद्राचे पाणी यांत क्षारांचा एकूण आकडा सारखा असला, तरी घटक सारखे नसतात. भूजलात पालाश फार कमी असतो आणि तो बाहेरून घातला नाही, तर कोळंबी दगावते. म्हणून केवळ एका आकड्यावर विसंबून चालत नाही.

पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात या तंत्राचा विचार अवश्य व्हावा. पण चाकूर-अहमदपूरकडे ते जसेच्या तसे उचलून आणणे शहाणपणाचे होणार नाही. येथील पाणी कोळंबीला पुरेसे खारे नाही आणि मुद्दाम खारे केले, तर तळे रिकामे करताना ते पाणी शेजाऱ्याच्या काळ्या रानात जाणार. साडेतीन ग्रॅमचे पाणी माशाला एक वेळ चालेल. काळ्या जमिनीला आणि तिच्यातील पिकाला ते चालत नाही. ज्या मातीतून निचरा मुळातच संथ होतो, तिला असे पाणी दोन-चार वर्षे दिले, की ती क्षारपड होऊ लागते. शेततळे बांधले ते पिकाला संरक्षित पाणी मिळावे म्हणून. उन्हाळ्याच्या अखेरीस त्यातले पाणी भाजीपाल्याला सोडणाऱ्या शेतकऱ्याला त्यातील क्षारांचा आकडा ठाऊक असणे, हे माशांइतकेच त्याच्या जमिनीसाठीही आवश्यक आहे.

लातूरकरांना पाण्याचे मोल सांगण्याची गरज नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली जलदूत गाडी लातूर स्थानकात आली, तो दिवस या जिल्ह्याच्या आठवणीतून जाणार नाही. अशा प्रदेशात एका शेततळ्यातील बावीस लाख लिटर पाणी ही लहान गोष्ट नव्हे. त्या पाण्यातून पीक आणि मासा असा दुहेरी लाभ घ्यावयाचा, तर त्याची निदान एवढी तरी ओळख असावयास हवी.

करावयाचे ते काय

सुदैवाने जे करावयाचे ते खर्चाचे नाही. विद्युतवाहकता मोजणारे खिशात मावेल असे यंत्र एक-दोन हजार रुपयांत मिळते. ते पाण्यात बुडवले की आकडा दिसतो. एका डेसिसायमनला लिटरमागे सुमारे ०.६४ ग्रॅम क्षार असा ढोबळ हिशेब करता येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच महिलांना पाणीतपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. लातूर जिल्ह्यातच उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. एवढी सामग्री एकाच जिल्ह्यात असताना शेततळ्याच्या पाण्याची तपासणी होत नसेल, तर उणीव साधनांची आहे असे म्हणता येणार नाही. या सर्वांना एकत्र बांधणारा शासकीय आदेश नाही, एवढीच उणीव आहे.

आमची सूचना साधी आहे. ज्या तळ्यासाठी मत्स्यबीजाचे, खाद्याचे किंवा अस्तराचे अनुदान दिले जाते, त्या तळ्याची एक पाणीपत्रिका असावी. तिच्यावर वर्षातून तीन नोंदी व्हाव्यात : पावसाळा संपताना, संक्रांतीच्या सुमारास आणि एप्रिलच्या मध्यावर. प्रत्येक वेळी विद्युतवाहकता, आम्लविम्ल निर्देशांक, कठीणपणा आणि पाण्याची खोली एवढेच टिपावे. पाणी पावसाचे की बोअरचे, हेही लिहावे. बोटुकली कोणत्या जातीची आणि किती सोडावी, मासे मार्चमध्ये काढावेत की मेपर्यंत ठेवावेत, याचा निर्णय मग अंदाजाने न होता नोंदीवर होईल. विमा कंपन्यांनाही उद्या नुकसानीचे कारण ठरविताना हीच पत्रिका उपयोगी पडेल. पत्रिका नसेल, तर कृषीच्या दर्जाबरोबर आलेला विमा वादातच अडकून पडेल, ही भीती निराधार नाही.

यावर कोणी म्हणेल, की आणखी एक कागद, आणखी एक फेरी आणि आणखी एक सही. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मृद आरोग्यपत्रिकांच्या बाबतीतही पत्रिका हाती पडली, पण तिचा अर्थ सांगणारे कोणी भेटले नाही, अशी तक्रार शेतकरी करीत आले आहेत. तहसील आणि पंचायत समितीतील ज्या कारकुनाकडे अनुदानाची प्रकरणे येतात, त्याच्यावर आधीच पुष्कळ भार आहे. म्हणूनच ही पत्रिका चार ओळींची असावी आणि तिचा अर्थ तिच्यावरच मराठीत छापलेला असावा : इतक्यापर्यंत रोहू-कटला चालेल, इतक्यावर वाढ मंदावेल, इतक्यावर पाणी पिकाला देऊ नये. शेतकऱ्याला समजेल असे जे लिहिता येत नाही, ते मोजूनही उपयोग नाही.

शिक्षक आणि विद्यार्थी यांचा यात मोठा वाटा असू शकतो. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाने पाण्यातील क्लोराइड काढण्याचा प्रयोग महाविद्यालयाच्या रसायनशाळेत होतो. बहुधा तो बाटलीतील तयार नमुन्यावर होतो आणि उत्तर आधीच सर्वांना ठाऊक असते. तोच प्रयोग गावच्या तळ्यातील पाण्यावर दर महिन्याला केला, तर विद्यार्थ्याला वहीत लिहावे असे काही मिळेल आणि गावाला एक मालिका मिळेल. केवळ क्लोराइडवरून सर्व क्षार कळत नाहीत, कारण आपल्या बोअरच्या पाण्यात चुना, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट यांचाही मोठा वाटा असतो. दोन आकडे शेजारी ठेवले, की हा फरकही विद्यार्थ्याच्या लक्षात येईल. परासरणाचा धडा फळ्यावर शिकविणे आणि तो जानेवारी ते मे या काळात तळ्यात घडताना पाहणे, यांत जे अंतर आहे, ते भरून काढणे हे शिक्षकाचेच काम होय.

शेवटी मुख्य गोष्ट पाणी साठविण्याच्या धोरणाची आहे. शेततळे पावसाच्या पाण्याने भरले, तर क्षारांचा निम्मा प्रश्न उद्भवतच नाही आणि भूजलही वाचते. अनुदान देताना तळे कोणत्या पाण्याने भरणार, हे विचारण्याचे धैर्य शासनाने दाखविले पाहिजे. कृषीचा दर्जा ही सवलतींची यादी आहे असे समजले गेले, तर दोन-तीन वर्षांत काही तळी कोरडी पडतील, काही ओस राहतील आणि मराठवाड्यात मासे होत नाहीत असा निष्कर्ष कोणीतरी काढून मोकळा होईल. तो निष्कर्ष चुकीचा असेल, पण त्याचे खंडन करण्यास लागणारा आकडा आपल्याकडे नसेल. चालू वर्षाचा पाऊस शेततळ्यांत उतरला, की पहिली नोंद करण्यास कोणाच्याही आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. एखाद्या शाळेने किंवा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेने ती आपल्या गावापुरती सुरू करावी. जिल्हा प्रशासनाला मग तिची दखल घेणे भाग पडेल.